मदत हवी आहे: पाळणाघरातल्या मावशींना हिपॅटायटिस बीची लस

मुलुंडला आमचं पाळणाघर आहे. परवा एका मुलाचा घोळणा फुटला आणि रक्त एका मावशींच्या विळीने कापलेल्या बोटाला लागलं. हात लगेच साबणाने वाहत्या पाण्याखाली धुतला, फरशी ब्लीचने पुसली. एचआयव्हीचं औषध लागलंच तर ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. त्याची गरज नाही म्हणाले, पण हिपॅटायटिस बीच्या (रक्तातून पसरणारी कावीळ) लसीचा पहिला डोस दिला.

बाकी तिघींनीही ही लस कधी घेतलेली नाही. हातमोजे आणलेत, पण रडतं पोर समोर असताना ते शोधत कोण बसणार! तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा; रविवारशिवाय सुट्टी नाही, खर्च आम्हीच करणार.

मुलुंड-भांडुपकडे मोठ्यांना ही लस पालिकेच्या दवाखान्यात मिळते का? की खाजगीतच, आणि डोसला किती घेतात?