विहिरीवरच्या सुगरण पक्ष्यांचे फोटो काळे येतायत, लांबून नीट कसे काढायचे?

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं शेत कराडजवळ आहे, उसाच्या मधोमध जुनी विहीर आणि तिच्यावर वाकलेली बाभळ, त्या बाभळीला दरवर्षी सुगरणींची घरटी लागतात. यंदा पाऊस झाल्या झाल्या पिवळ्या डोक्याचे नर हजर, दिवसभर नुसता कालवा चाललेला असतो. माझ्याकडे कॅनॉनचा साधा क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरवाला डीएसएलआर आणि ५५-२५० मिमीची झूम लेन्स आहे, दुसरी लेन्स इतक्यात घेणं जमणार नाही. अडचण अशी की मागे पांढरं आभाळ असतं आणि पक्षी पूर्ण काळा येतो, पिवळा रंग दिसतच नाही, शिवाय तो एक सेकंद स्थिर बसत नाही. चुलतभाऊ म्हणतो मधल्या दोन-चार फांद्या छाटू म्हणजे साफ दिसेल, मला ते पटत नाहीये. किती जवळ जावं, कधी जावं, सेटिंग काय ठेवावं सांगा. आणि नुसता पक्षी मोठा दिसणारा फोटो नकोय, आमची विहीर, ऊस, पावसाळा हे सगळं त्यात आलं तर फार आवडेल.

खंड्या_नाशिक
दादा, फांद्या अजिबात तोडू नका. काटेरी बाभळ आणि खाली पाणी, ही जागा त्यांनी बघूनच निवडलेली असते, साप आणि कावळ्यांना तिथे पोचणं अवघड जातं म्हणून. आडोसा काढलात की घरटी उघडी पडली.

आता काळ्या फोटोचं. फ्रेममध्ये बरंचसं आभाळ असलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड खूप आहे, तो एक्स्पोजर कमी करतो आणि पक्षी काळा पडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायचं सेटिंग) +१ वर ठेवून सुरुवात करा, गरज पडली तर +१.७ पर्यंत न्या, आभाळ पांढरंफटक होईल तर होऊ द्या, तिथे तसंही काही नाहीये. रॉमध्ये (जेपेगऐवजी कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा म्हणजे पिवळा रंग नंतर वर आणता येतो.

पण खरं सांगू का, त्यापेक्षा आभाळच फ्रेममधून घालवा. तुम्ही बहुतेक झाडाखाली उभं राहून वर कॅमेरा धरताय. विहिरीच्या पलीकडे मागे मागे जा, जितके लांब जाल तितका कॅमेरा आडवा होत जातो आणि घरट्यामागे आभाळाऐवजी ऊस येतो. त्या गडद हिरव्यावर पिवळा नर काय दिसतो बघा! मग +१ ची गरजही राहत नाही, उलट शून्यावर किंवा थोडं मायनसमध्ये न्यावं लागेल नाहीतर पिवळा जळतो. लेन्सचं २५० मिमी म्हणजे तुमच्या लहान सेन्सरवर ४०० मिमीसारखी चौकट मिळते, पक्षी मोठा दिसायला हवा तर फोटो नंतर कापावा लागेल पण घरट्यासकट फोटोला ती पुरते.

बाकी सेटिंग: अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ५.६, एआय सर्व्हो (हलत्या पक्ष्यावर फोकस धरून ठेवणारा मोड), एकच फोकस पॉइंट, बर्स्ट (सलग फोटो) चालू. पंख फडफडवत उलटा लटकतो तेव्हा शटर स्पीड १/१६०० सेकंद लागेल, नुसता बसलाय तर १/५०० पण चालेल. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० ते १६०० ला घाबरू नका.

भिंगरी
मी एक सुचवू का? हल्ली छोटे अॅक्शन कॅमेरे मिळतात, लांब काठीला बांधून घरट्याच्या तोंडापाशी न्यायचा आणि मोबाईलवरून क्लिक करायचं. फ्रेम एकदम वेगळी येते, आणि आपण स्वतः लांबच असतो.

माळटिटवी
भिंगरीताई, आपण लांब असलो तरी काठी तर घरट्यापाशीच असते ना. आत अंडी किंवा पिल्लं असतील आणि मादी घाबरून बाहेरच थांबली तर नुकसान त्यांचं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी, घरटी यांना त्रास देणंही येतं, हे आपल्यात फार कमी लोकांना माहीत असतं. तेव्हा काठी, शिडी, ड्रोन यातलं काहीच नको, आणि मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावणं तर नकोच नको.

कोयनाकाठ, कधी जावं म्हणालात म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते सगळी मजा त्यातच आहे. घरटं नर बांधतो. उसाच्या किंवा गवताच्या पात्याची कड चोचीत धरून उडतो की लांबच लांब पट्टी फाटून येते, अशा शेकडो फेऱ्या एका घरट्याला लागतात. अर्धं घरटं झालं की त्याला पक्षी निरीक्षक हेल्मेट स्टेज म्हणतात, खालून उघडं असतं आणि मधे आडवा पट्टा असतो. या वेळी माद्या येऊन घरटी बघतात आणि सगळे नर एकदम पंख फडफडवून ओरडायला लागतात. तुम्हाला फोटो काढायचेत ते हेच दिवस! मादीने पसंत केलं तर तो खालची नळी विणून घरटं पुरं करतो आणि लगेच दुसरं घ्यायला लागतो. पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला सुगरणींच्या नोंदी ठेवून एकेका नराच्या एकाहून जास्त माद्या असतात हे दाखवलं होतं.

म्हणून अर्धी घरटी दिसतायत तोवर निवांत काढा. नळी पूर्ण झाली आणि मादी आत-बाहेर करायला लागली की अंडी आली समजा, मग अजून मागे सरका आणि थोडाच वेळ थांबा. मादी चोचीत अळी-किडा घेऊन आली आणि आत न जाता फांदीवरच बसून ओरडत राहिली तर त्याच क्षणी निघायचं.

एक गोष्ट बघा, नैर्ऋत्येच्या पावसावाऱ्यापासून आडोसा म्हणून घरटी बऱ्याचदा झाडाच्या पूर्वेला असतात. तुमच्याकडे तसं असेल तर पूर्वेला उभे राहा, सकाळचं ऊन तुमच्या पाठीवर आणि घरट्यांच्या तोंडावर. उघडीप मिळाली तर सकाळी आठच्या आत जा.

कोयनाकाठ
अरे वा, घरटी खरंच पूर्वेच्या फांद्यांनाच आहेत, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं! त्या बाजूला बांध आहे, त्यावर बसता येईल आणि मागे ऊसच येतो. सध्या बरीच घरटी अर्धीच दिसतायत, दोन-तीनांना नळी झालीय. चुलतभावाला हा धागा वाचायला दिलाय, कोयता राहिला बाजूला, आता तोच विचारतोय मी पण येऊ का. विहीर आणि माणसं फोटोत कशी आणायची त्यावर कुणी लिहील का?

पाणकावळा
मी बहुतेक गावाकडचेच फोटो काढतो म्हणून लिहितो. त्यासाठी लेन्स ५५ लाच ठेवा, किंवा जुनी १८-५५ पडून असेल तर ती लावा, नसली तर मोबाईलसुद्धा चालतो. एफ ८ ला ठेवा म्हणजे घरटी आणि मागचं शेत दोन्ही बऱ्यापैकी शार्प येतं. वरच्या कोपऱ्यात लटकणारी घरटी, खाली विहिरीचा दगडी कठडा, मागे भांगलण करणाऱ्या बायका, अशी एक चौकट मनाशी ठरवायची आणि एकाच जागी बसून राहायचं, पक्षी आणि माणसं आपापल्या कामात येत-जात राहतात. बायकांना आधी विचारा मात्र, काकू फोटोत आलात तर चालेल का म्हणून, आणि नंतर प्रिंट काढून त्यांच्या हातात द्या. मोबाईलवर पाठवलेला फोटो चार दिवसात खाली जातो, प्रिंट भिंतीवर लागते. आणि त्यांना सुगरणींबद्दल विचाराच, कोणत्या साली घरटी जास्त होती, कुठली बाभळ तोडल्यावर ती इकडे आली हे शेतात रोज राबणाऱ्यालाच माहीत असतं, ते फोटोखाली लिहा.

पावसाळ्यात जुन्या विहिरीच्या दगडांवर शेवाळ असतं, व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एक पाऊलही सरकू नका, आधी कॅमेरा खाली, मग पाय. बांधावर गवत वाढलेलं असतं तिथे गमबूट घाला. घरी आल्यावर कॅमेरा ओल्या बॅगेत ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते, सिलिका जेल टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

खंड्या_नाशिक
अजून एक, फोटो टाकाल तेव्हा विहिरीचं नेमकं लोकेशन देऊ नका, कराड परिसर एवढं पुरे. एकदा जागा कळली की रविवारी गाड्या घेऊन लोक येतात आणि उसात घुसतात. आणि सीझन संपला म्हणून कॅमेरा ठेवून देऊ नका, रिकाम्या घरट्यांत हिवाळ्यात पांढऱ्या कंठाच्या मुनिया येऊन राहतात, तेव्हा आभाळही निळं असतं.

कोयनाकाठ
लोकेशन देणार नाही, नक्की. उद्या उघडीप असली तर बांधावर बसतो, आयएसओ ८०० पासून सुरू करतो आणि जे येईल ते इथेच टाकतो. माळटिटवीताई, नळी झालेली ती घरटी सगळ्यात खालच्या फांदीला आहेत, त्यांच्यापासून बांध साधारण पंचवीस पावलं आहे, एवढं अंतर पुरेल का?

माळटिटवी
पुरावं, पण ते पक्षीच सांगतील. बसल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं कॅमेरा उचलूच नका, नर पाती आणत राहिले आणि माद्या नेहमीसारख्या आत जात राहिल्या तर ठीक. नाहीतर अजून दहा पावलं मागे.