कम्युनिटी कॉलेजचा स्टॅटिस्टिक्सचा कोर्स नव्याने आखायचाय, सल्ला हवा

मिलपिटासकर
बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात पार्टटाइम स्टॅटिस्टिक्स शिकवते. वर्गात ३५ जण; कोणी गोदामातली रात्रपाळी करून येतं, कोणी पोराला आईकडे ठेवून. आजवर पुस्तकातले धडे ओळीने घेत गेले. गेल्या मिडटर्मला एका मुलीने पी-व्हॅल्यू (औषधाचा काहीच परिणाम नसेल तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०३ बरोबर काढली आणि खाली लिहिलं, ‘म्हणजे औषध ३ टक्के लोकांना लागू पडतं.’ तेव्हापासून चैन नाही. कोर्स पद्धतशीर बांधायचाय. हातात ३ आठवडे, १०० डॉलर, तेही पदरचे. सुरुवात कुठून करू?

खडूफळा
इन्स्ट्रक्शनल डिझाइनचं, म्हणजे कोर्स आखण्याच्या शास्त्राचं, सर्टिफिकेट करा. माझे दीड हजार डॉलर गेले, पण वसूल झाले. त्यातली ‘ॲडी’ पद्धत (ॲनालिसिस, डिझाइन, डेव्हलपमेंट, इम्प्लिमेंटेशन, इव्हॅल्युएशन अशा पायऱ्या) शिकलात की सगळं जागेवर येतं.

निवृत्त_मास्तर
ॲडी १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत अमेरिकी लष्करासाठी तयार झालं. सैनिकाला हुकमाने बसवता येतं, नोकरी करून येणाऱ्याला नाही.

खडूफळा
मास्तर, उगम कुठलाही असो, उपयोग होतो ना? माझ्या वर्गात झालाय.

पारिजात७
बाई, टॅब्लेट घ्या, पेनवाला. मी ६०० ला घेतला, व्हिडिओ फार छान होतात.

ओहायोची_सुमा
आमच्याकडे महागडी प्रणाली आणली, सगळे धडे तिच्यात भरून घेतले, ३ सत्रांत ती बंद. माझी अख्खी उन्हाळी सुट्टी गेली. पुस्तकाला तरी पैसे घालू नका, ओपनस्टॅक्सचं फुकट आहे.

निवृत्त_मास्तर
आधी फायनलचा पेपर काढा, मग मागे मागे येत तास ठरवा. शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेजरने १९६२ मध्येच सांगितलंय: विद्यार्थी काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, कितपत अचूक, एवढं लिहायचं. ‘पी-व्हॅल्यू समजेल’ खोडा. ‘बातमीतली पी-व्हॅल्यू वाचून तिचा अर्थ दोन वाक्यांत लिहील’ असं हवं. तुमच्या मुलीला गणित येत होतं. अर्थ लिहायला तिला त्याआधी कधी सांगितलं होतं का?

पारिजात७
+१, आधी पेपर काढा. व्हिडिओ नंतर.

केळीचं_पान
एबी ७०५ कायद्यानंतर कॅलिफोर्नियात मुलं थेट ट्रान्सफर लेव्हलच्या (पुढे विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या) वर्गात येतात. अपूर्णांक कच्चे असतात. जोडीला सपोर्टचा तास नसेल तर आराखडा कितीही चांगला असो, टिकत नाही.

खडूफळा
म्हणूनच ॲनालिसिस आधी. मी तेच सांगत होतो.

मिलपिटासकर
सगळ्यांचे आभार. मास्तर, तुमचा प्रश्न लागला. नव्हतं सांगितलं, एकदाही नाही. तरी अख्खा कोर्स आत्ता बदलत नाही. पार्टटाइमवाल्याला तयारीचा पगार नसतो. जुन्या मिडटर्मचे पेपर काढून बसलेय, कोण नेमकं कुठे अडलं ते लाल पेनने टिपतेय. हायपोथेसिस टेस्टिंगचे, म्हणजे पी-व्हॅल्यू येते त्या भागाचे, ४ आठवडे तेवढे बदलेन. १०० डॉलर छपाईला: दर तासाच्या शेवटी ५ मिनिटं, एक चिठ्ठी, ‘आजचा आकडा काय सांगतो ते आईला समजेल असं लिहा.’ पहिल्या ३५ चिठ्ठ्या वाचल्या की इथे लिहिते.