मदत हवी आहे: सीएसएमटीला बॅगा कुठे ठेवायच्या?

पंचगंगाकाठ (शुक्रवार, सकाळी)
उद्या रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने कोल्हापूरहून निघतोय. पुढची गाडी दुपारी ३.२० ला आहे. मधल्या वेळात आई-बाबांना मुंबई दाखवायची आहे. सीएसएमटीला क्लोकरूम कुठे आहे आणि काय काय लागतं? "गूगल करा" म्हणू नका, तिथे सगळी जुनी माहिती आहे.

यार्डमास्तर
१ ते ७ लोकलचे प्लॅटफॉर्म, ८ ते १८ लांबच्या गाड्यांचे. क्लोकरूम लांबच्या गाड्यांच्या बाजूला आहे, फलक बघत जा. तिकीट किंवा पीएनआर आणि ओळखपत्र लागतं. प्रत्येक बॅगेला कुलूप हवंच, त्यावरून परत पाठवतात. पैसे नगावर आणि दर २४ तासांना. आता डिजिटल लॉकरही झालेत.
बॅगा किती? गाडी कुठली?

दगडीवाघ
फिरायला लांब कशाला जाता? इमारतच बघा. १८७८ ला काम सुरू, १८८८ ला पुरं, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. लोकलच्या तिकीटघराचं छतही मान वर करून बघा. फोटो महापालिकेच्या बाजूने चांगला येतो.

पंचगंगाकाठ
धन्यवाद, पण इमारतीचं नंतर. चार बॅगा आणि गुळाच्या दोन ढेपा. गाडी मत्स्यगंधा.

हार्बरवासी
अहो थांबा! मत्स्यगंधा सीएसएमटीहून सुटत नाही. तिकिटावर एलटीटी लिहिलेलं असेल, म्हणजे लोकमान्य टिळक टर्मिनस, कुर्ल्याजवळ.
सोपा रस्ता: सीएसएमटीच्या १ किंवा २ नंबरवरून हार्बर लोकल, टिळकनगरला उतरायचं, तिथून टर्मिनस चालत. गाडी पनवेल, बेलापूर किंवा वाशीची पकडा. गोरेगाव-अंधेरीची पकडलीत तर ती वडाळ्याहून वळते, टिळकनगर लागतच नाही. लोकलचं तिकीट वेगळं काढा, एक्स्प्रेसचं चालत नाही.

यार्डमास्तर
हार्बरवासी, वार बघितलात का? उद्या रात्री निघणार म्हणजे रविवारी उतरणार. मेगाब्लॉक! दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद, साधारण ११ ते ४. हार्बरवर कधी सीएसएमटी-चुनाभट्टी, कधी वाशीच्या पुढे. पहिला असला तर सीएसएमटीहून हार्बर बंदच. रेल्वेचं पत्रक आधी येतं, ते बघून ठरवा.
मेन लाइनला ब्लॉक असला तरी गाड्या स्लो मार्गाने चालतात. कुर्ल्याला उतरा. हार्बरच्या ब्लॉकला पनवेल-कुर्ला जादा गाड्या ८ नंबरवरून सोडतात, त्याने एक स्टेशन पुढे टिळकनगर.

हार्बरवासी
म्हातारी माणसं आणि चार बॅगा घेऊन कुर्ल्याचे जिने? सांगणाऱ्याला काय जातंय.

यार्डमास्तर
मग कुर्ला पूर्वेहून रिक्षा. मीटरला नाही म्हणाले तर पुढचा विचारा.

काळीपिवळी
दोघंही हट्ट सोडा आणि टॅक्सी करा. १८ नंबरच्या बाजूने बाहेर पडलं की पी. डिमेलो रस्ता. तिथून पूर्व मुक्त मार्गाने थेट चेंबूर, मग एलटीटी. ऑरेंज गेटजवळ बोगद्याचं काम चालू आहे, चढेपर्यंत खोळंबा होतो. तो धरून दीड तास हाताशी ठेवा. तीन माणसं, चार बॅगा आणि गूळ लहान गाडीत बसणार नाही, टपावर कॅरियर असलेली बघा. आणि सीएसएमटीला रिक्षा शोधू नका, दक्षिण मुंबईत रिक्षाच नाहीत.

कोकणगडी
कोकणकन्या का नाही काढली? रात्री सीएसएमटीहूनच सुटते. एवढा खटाटोपच नको.

पंचगंगाकाठ
आम्हाला उडुपीला जायचंय हो, मडगावला नाही. तिकीट कन्फर्म आहे. दादरलाच उतरलो तर?

काळीपिवळी
महालक्ष्मी दादरला थांबते, पण चार बॅगा उतरवायला वेळ थोडा आणि मग पूल चढा. सीएसएमटी शेवटचं स्टेशन, निवांत उतरता येतं, सगळं एका पातळीत. बॅगा तिथेच ठेवा, इमारत आणि फोर्ट बघा, साडेबाराला बॅगा सोडवा, एकच्या आत टॅक्सीत बसा.

दगडीवाघ
आई-बाबांना अंघोळ करून आडवं व्हायचं असेल तर रिटायरिंग रूम. महालक्ष्मीच्या पीएनआरवर आयआरसीटीसीवर आधी बुक होते, जागेवर मिळेल या भरवशावर राहू नका. भूक लागली तर समोर 'आराम' हॉटेलचा वडापाव.

पंचगंगाकाठ
रूम बघतो. ढेपेला कुलूप कसं लावायचं?

यार्डमास्तर
ढेप तशीच नेलीत तर घेणार नाहीत. मोठ्या चेनच्या बॅगेत घाला, चेनच्या दोन्ही कड्यांतून कुलूप घाला. आधी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, मुंग्या लागतात.

हार्बरवासी
पत्रकात हार्बरचा ब्लॉक वाशीच्या पुढे असला तर टिळकनगरच बरं. टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त.

काळीपिवळी
चार बॅगा, दोन ढेपा.