स्लीव्ह सर्जरीनंतर पाणीसुद्धा अडकतं
प्रश्न: स्लीव्ह (वजन कमी करायला जठराचा बराचसा भाग काढतात ती सर्जरी) झाली आहे. घोट घेतला की छातीत दाटतं. सूज की आणखी काही? केसही गळतात का?

उत्तर १: बहुधा सूज. जठराची अरुंद नळी उरते, टाक्यांच्या रेषेला सूज असते. गटागटा नको, १५-३० मिलीचे घोट, दिवसभरात दीड लिटर. पुढे घन आहार सुरू झाला की जेवणानंतर अर्धा तास पाणी बंद.

उत्तर २: उलट्या थांबतच नसतील तर बी१ जीवनसत्त्व (थायमिन) झपाट्याने घटतं. ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायमिन द्यायला सांगा. हे हमखास राहून जातं. नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

उत्तर ३: ताप, नाडी १२० च्या वर, डावा खांदा दुखणं म्हणजे जठराच्या टाक्यांमधून गळतीची शंका. तडक इमर्जन्सी!

उत्तर ४: केस साधारण तिसऱ्या महिन्यापासून गळतात, बहुतेकदा परत येतात. प्रोटीन रोज ६०-८० ग्रॅम. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये दोन तासांचं अंतर.