सागरी किल्ल्यांना टेट्रापॉड हवेत की नकोत?

खाडीकाठ:
जुलै 2025 मध्ये 12 मराठा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग समुद्राच्या तोंडावर उभे आहेत. जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ, मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ, आणि मधल्या पावसाळ्यात विजयदुर्गाच्या तटाचा काही भाग ढासळला. अरबी समुद्र तापतोय, पाणी चढतंय. तटाच्या पायथ्याशी टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, टाकून लाटांचा जोर मोडलाच पाहिजे. तट पडल्यावर पंचनामे करून काय मिळणार?

चुन्याची घाणी:
साफ असहमत. मुरुडचा पद्मदुर्ग पाहिलाय का? लाटांनी दगड खाऊन आत गेलेत, पण सांध्यातला चुना जागचा हललेला नाही. ही झीज शतकांची आहे. तट फोडतात ती सांध्यात रुजलेली वड-पिंपळाची मुळं आणि दुरुस्तीत थापलेलं सिमेंट. सिमेंट ओल बाहेर सोडत नाही, मग खारं पाणी दगडातूनच सुकतं, आत मिठाचे खडे धरतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सगळं हवामानावर ढकललं की देखभाल न करणारे मोकळे सुटतात. संताप येतो याचा.

खाडीकाठ:
सिमेंटचं मान्य. पण पद्मदुर्ग माझाच मुद्दा सांगतो. लाट पोचते तिथे दगड टिकत नाही. पाणी चढलं की भरतीची रेषा वर सरकणार आणि आजवर कोरडे राहिलेले थर रोज भिजणार, रोज सुकणार. चुना कितीही चांगला भरा, दगडच गेला तर?

कुरटे बेट:
दोघेही तटावरच अडलात. सिंधुदुर्गातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी विसरलात का? चहूबाजूंनी समुद्र आणि बावीत गोडं पाणी, म्हणून तर गडावर आजही माणसं राहतात. बेटाच्या पोटात पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्र वर आला की बाव खारी व्हायचा धोका, तिथे टेट्रापॉड काय कामाचे? आधी तिन्ही बावींचा खारेपणा दर महिन्याला मोजा, उन्हाळ्यात तर नक्कीच.

चुन्याची घाणी:
बावींचं शंभर टक्के पटलं. टेट्रापॉडला विरोध कायम. इथे अडवलेली लाट शेजारच्या किनाऱ्याची वाळू नेते, त्याचा जाब कोण देणार? पहिला पैसा चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्यांना द्या.

खाडीकाठ:
गवंड्यांना द्याच. पण त्यांनी भरलेला सांधा वाळायच्या आत वादळ आलं तर? निदान विजयदुर्गाला तरी लाटांचा अभ्यास करून पाण्याखालचा बांध घाला. वरून दिसणारही नाही.