‘मीटर गेला’ म्हणजे नक्की काय गेलं?

प्रश्न: १९२०-३० च्या मोटारींच्या वायरिंगवर मराठीत लिहितोय आणि शब्दांपाशी अडलोय. ॲमीटरचा (बॅटरीत येणारा-जाणारा करंट दाखवणारा मीटर) काटा हलतच नसेल तरी ‘मीटर गेला’, काटा भलतंच दाखवत असेल तरी ‘मीटर गेला’. दोन्हीला वेगळे शब्द आहेत का? आणि ‘ओपन’ला खंडित परिपथ, ‘शॉर्ट’ला लघुपरिपथ लिहू का?

प्रतिसाद: लघुपरिपथ वाचून कोणी स्पॅनर उचलणार नाही, शॉर्टच लिहा. ओपनला सरळ ‘वायर तुटलीय’ किंवा ‘कनेक्शन सुटलंय’. ‘मीटर गेला’ मात्र टाळाच, कारण या गाड्यांत बऱ्याचदा मीटर ठणठणीत असतो आणि बिचारा खरं तेच सांगत असतो. फोर्ड मॉडेल टीच्या सेल्फवाल्या गाड्यांना १९१९ पासून ॲमीटर आला, मधे शून्य, एका बाजूला चार्ज, दुसऱ्या बाजूला डिस्चार्ज. आधी इंजिन बंद ठेवून हेडलाइट लावा. ६ व्होल्टची सिस्टिम आणि २४ वॅटचे दोन बल्ब असले तर ८ अँपिअरच्या आसपास काटा डिस्चार्जकडे गेला पाहिजे. गेला तर मीटर चांगला. दिवे लागले पण काटा जागचा हलला नाही तर ‘काटा अडकलाय’ म्हणा, तिथे खरंच मीटर उघडून बघायचा. चार्जकडे गेला तर ‘उलटं दाखवतोय’, म्हणजे मागच्या दोन वायरींची अदलाबदल झालीय बहुतेक.

प्रतिसाद: यात ‘चार्ज दाखवत नाही’ हा वेगळा धरा. इंजिन चालू, दिवे बंद, वेग वाढवला तरी काटा शून्यावर. मग एकतर डायनामो करंट देत नाहीये किंवा कटआउट, म्हणजे डायनामो बॅटरीला आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, जोडत नाहीये. इंजिन जरा वेगात ठेवून कटआउटच्या दोन टर्मिनलवर क्षणभर वायर टेकवायची, काटा चार्जकडे उडाला तर दोष कटआउटचा. इंजिन बंद करायच्या आधी ती वायर काढायचीच. ‘कटआउट चिकटला’ हा शब्दही ठेवा, अगदी नेमका आहे, पॉइंट एकमेकांना चिकटले की इंजिन बंद झाल्यावरही बॅटरी उलटी डायनामोत रिकामी व्हायला लागते, काटा डिस्चार्जला टेकतो, तेव्हा आधी बॅटरीची वायर काढा आणि मग शब्दचर्चा करा :)

प्रश्नकर्ता: झकास. आणि ‘अर्थ’? गाडी तर रबरी टायरवर उभी, जमिनीशी संबंध काय?

प्रतिसाद: संबंध शून्य, पण शब्द बसलाय. चेसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, हीच परतीची वायर, तिला अर्थ म्हणतात. दोष सांगताना मात्र ‘वायर बॉडीला लागलीय’ म्हणा, लगेच कळतं. उलट बाजूने ‘अर्थ मिळत नाही’ हा गंजलेल्या बोल्टचा दोष, दोन्हीला ‘अर्थ प्रॉब्लेम’ लिहिलंत की संपलंच सगळं.

प्रतिसाद: पेट्रोलच्या इलेक्ट्रिक गेजला तर हा फरक लिहायलाच हवा. दोन कॉइलच्या जुन्या गेजमध्ये टाकीकडची वायर तुटली की काटा फुल्ल दाखवतो आणि तीच बॉडीला लागली की रिकामी. गरम होऊन वाकणाऱ्या पट्टीचा गेज असेल तर बरोबर उलटं, आणि त्याची वायर तपासताना फार वेळ बॉडीला धरूही नये. म्हणजे ‘काटा फुल्लवर अडकलाय’ एवढ्याने काहीच कळत नाही, गेज कुठला ते आधी लिहा.

प्रश्नकर्ता: शेवटचं, ‘थर्ड ब्रश’?

प्रतिसाद: तिसरा ब्रश म्हणा, चालतं, डायनामोतला चार्जिंग किती ते ठरवणारा जादा ब्रश तो. तो डायनामो फिरण्याच्या दिशेने सरकवला की चार्जिंग वाढतं, उलटा सरकवला की कमी. ‘व्होल्टेज रेग्युलेटर’ मात्र त्याला म्हणू नका, तो करंट आवरतो आणि व्होल्टेज आवरायचं काम बॅटरीच करते, त्यामुळे अशी गाडी बॅटरी काढून चालवली की बल्ब उडतात.