रस्त्याला ६८ गुण मिळाले, तरी आई बँकेपर्यंत चालत जाऊ शकत नाही : मोजायचे नेमके काय?

प्रश्न — उपनगरवासी

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायट्यांच्या संघाने गेल्या महिन्यात भागातील मुख्य रस्त्याची पाहणी केली. रस्ता सुमारे सव्वा किलोमीटर लांब असून दोन्ही बाजूंना पदपथ आहे. पदपथाची रुंदी, फरशीची स्थिती, सावली, दिवे, रस्ता ओलांडण्याची सोय आणि अतिक्रमण या सहा बाबींना आम्ही दर शंभर मीटरला दहापैकी गुण दिले, सगळ्यांची सरासरी काढली आणि रस्त्याला शंभरपैकी ६८ गुण मिळाले. पुढच्या अंदाजपत्रकात नागरिकांकडून कामे सुचवण्याची संधी असते, त्या अर्जाला हा अहवाल जोडावा, असे ठरले होते.

माझी आई ७४ वर्षांची आहे. तिची बँक आमच्या फाटकापासून साडेतीनशे मीटरवर, रस्त्याच्या त्याच बाजूला आहे आणि वाटेत एकही मोठा चौक नाही. तरीही ती दर वेळी रिक्षाने जाते. पाहणीनंतरच्या रविवारी मी तिच्याबरोबर चालत निघालो, तेव्हा कारण कळले. सोसायट्यांच्या आणि दुकानांच्या अकरा फाटकांपाशी पदपथ तुटतो. प्रत्येक ठिकाणी ती कुंपणाच्या भिंतीला हात टेकवून आधी उजवा पाय खाली सोडत होती, मग डावा शेजारी आणत होती, आणि पलीकडच्या कडेवर चढताना माझा दंड धरत होती. सातव्या फाटकाशी ती थांबली, गुडघा चोळला आणि तिथून पुढे वाहनांच्या बाजूने डांबरावरूनच चालू लागली. आमच्या तक्त्यात या तुकड्याला ७४ गुण आहेत, म्हणजे संपूर्ण रस्त्याच्या सरासरीपेक्षाही जास्त.

आता हा अहवाल जसाच्या तसा जोडायला माझे मन घेत नाही. आमची पद्धत कुठे चुकली आणि चालणाऱ्यांसाठी व सायकलवरून शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी रस्ता किती उपयोगी आहे हे नेमके कसे मोजावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद — निवृत्त रस्ते अभियंता

आपण आईंबरोबर चाललात, हे फार चांगले केलेत. त्या साडेतीनशे मीटरमध्ये आपल्याला जे दिसले ते तक्त्यात कधीच दिसले नसते. चूक सरासरीत आहे. झाडांच्या सावलीला नऊ गुण आणि तुटलेल्या कडेला दोन गुण यांची बेरीज करून भागाकार केला की कड दुरुस्त झाल्यासारखी वाटते. पाण्याच्या नळाला एकाच ठिकाणी भोक असले तरी शेवटच्या घरी पाणी पोहोचत नाही आणि बाकीचा नळ किती उत्तम आहे याने त्यात फरक पडत नाही. चालण्याची वाटही तशीच एकसंध असावी लागते. म्हणून प्रत्येक तुकड्यातील सर्वांत वाईट जागा मोजावी आणि तिचाच दर्जा त्या तुकड्याचा मानावा.

दुसरी गोष्ट थोडी मागे जाऊन सांगतो, कारण या क्षेत्रातील बऱ्याच मोजमापांचा दोष तिथे आहे. जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याने १९७१ साली पादचाऱ्यांसाठी ‘ए’ (सर्वोत्तम) ते ‘एफ’ (सर्वांत वाईट) अशा सेवापातळ्या, म्हणजे सोयीच्या श्रेणी, मांडल्या. त्यांचा आधार दर माणशी किती चौरस मीटर जागा मिळते हा होता. स्थानके, जिने अशा दाटीच्या जागांना ही मोजणी योग्य आहे आणि तिथे ती आजही कामाची आहे. परंतु तीच आपल्या पदपथावर लावली की विपरीत उत्तर येते : पदपथ इतका वाईट असेल की त्यावर कोणी पायच ठेवत नाही, तर दर माणशी जागा भरपूर आणि श्रेणी ‘ए’. रिकामा पदपथ हा उत्तम पदपथ ठरतो. रस्ता ओलांडण्याच्या सोयीबाबतही असेच होते. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या आयआरसी १०३ या पादचारी सोयींवरील मार्गदर्शिकेच्या २०१२ च्या आवृत्तीत दोन चौकांच्या मधल्या भागात ओलांडमार्ग द्यावा की नाही, हे ठरवायला गर्दीच्या तासातील पादचाऱ्यांच्या संख्येला वाहनसंख्येच्या वर्गाने गुणतात आणि तो गुणाकार दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दहा कोटींच्या, दुभाजक असलेल्या रस्त्यावर वीस कोटींच्या वर गेला तर सोय द्यावी, असे सांगितले आहे. वाहनसंख्येचा वर्ग घेतल्यामुळे धोक्याला वजन मिळते, हे बरोबरच आहे. पण ज्या रस्त्यावर भीतीपोटी माणसे ओलांडतच नाहीत तिथे पादचाऱ्यांचा आकडाच लहान येतो. नदी पोहून जाणाऱ्यांची संख्या मोजून पूल हवा की नको हे ठरवण्यासारखे ते आहे.

त्यामुळे माझी सूचना अशी, की गुण देणे तूर्त बाजूला ठेवावे आणि मापफीत घ्यावी. पदपथाची कागदावरची रुंदी न घेता भिंत, झाड, विजेची पेटी, फलकाचा खांब, लावलेली दुचाकी हे सगळे वगळून माणसाला सलग चालायला उरणारी रुंदी मोजावी आणि तीही सर्वांत अरुंद जागी. त्याच मार्गदर्शिकेनुसार ही मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि डोक्यावरची मोकळी उंची २.२ मीटर हवी; दुकानांच्या भागात रुंदी २.५ मीटर हवी. कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. आपल्या फाटकांपाशी ती किती आहे हे अवश्य लिहावे, कारण मोठ्या कडेची पायरी वृद्धांना जिन्याच्या पायरीपेक्षाही जड जाते. आधाराला कठडा नसतो. चढउतारांची संख्या स्वतंत्र रकान्यात घ्यावी. अकरा फाटके म्हणजे बावीस चढउतार, आणि जाऊन परत यायचे तर चव्वेचाळीस. हा एक आकडा आपल्या ६८ पेक्षा अधिक बोलका आहे. उपायही अवघड नाही : फाटकापाशी पदपथ खाली न उतरवता तसाच सपाट पुढे न्यायचा आणि गाडीने उतारावरून वर चढून तो ओलांडायचा.

सिग्नल असेल तर घड्याळ लावून पाहावे. चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याचा प्रघात आहे, म्हणजे १८ मीटर रुंद रस्त्याला १५ सेकंद. काठी टेकत जाणाऱ्या व्यक्तीचा वेग ०.८ मीटर धरला तर त्याच रस्त्याला साडेबावीस सेकंद लागतात. ते साडेसात सेकंद ती व्यक्ती रस्त्याच्या मधोमध, सुटलेल्या वाहनांसमोर असते.

प्रतिसाद — सायकलस्वार, पुणे

सरांच्या मुद्द्याला सायकलच्या बाजूने पुस्ती जोडतो. मेकुरिया, फर्थ आणि निक्सन यांनी २०१२ साली अमेरिकेतील सॅन होजे शहरासाठी ‘वाहतूक-ताण’ मोजण्याची एक पद्धत मांडली. तिच्यात चार पातळ्या आहेत : पहिलीत लहान मुलांनाही सायकल चालवता येते, दुसरी बहुतेक प्रौढांना सोसते, तिसरीत सवयीचे सायकलस्वार टिकतात आणि चौथीत केवळ निर्भय मंडळीच उतरतात. मार्गाची पातळी त्यातल्या सर्वांत वाईट तुकड्यावरून ठरते, सरासरी घेतच नाहीत. शहराच्या नकाशावर फक्त पहिल्या दोन पातळ्यांचे रस्ते ठेवले की शांत गल्ल्यांची सुटी सुटी बेटे दिसतात आणि त्यांच्यामध्ये मोठे रस्ते आडवे येतात, हे त्या अभ्यासात स्पष्ट झाले.

पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे आणि २०१७ साली इथे सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर झाला. तरीही सायकलमार्गांचे मोजमाप लोक किलोमीटरमध्येच सांगतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. मार्ग बसथांब्यापाशी संपतो, पुढे रोहित्राच्या कुंपणाला वळसा घालतो आणि चौकाच्या तीस मीटर अलीकडे सायकलस्वाराला वाहनांत सोडून देतो. किलोमीटर मात्र तेवढेच भरतात. माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेची वाट पावणेदोन किलोमीटरची असून त्यातील दीड किलोमीटर ती एकटी जाऊ शकते, पण एका चौकासाठी मला रोज तिच्याबरोबर जावे लागते. त्यामुळे आपण शाळेच्या फाटकापासून सुरुवात करून मुले येतात त्या प्रत्येक दिशेने नकाशावर रेघ ओढावी आणि ‘बारा वर्षांच्या मुलाला इथून एकटे सोडाल का’ हा प्रश्न पालकांना विचारून रेघ जिथे तुटते तिथे खूण करावी. गटाराच्या जाळीच्या फटी सायकलच्या चाकाला समांतर आहेत की आडव्या, तेही पाहावे. समांतर फटीत बारीक चाक अडकते.

प्रतिसाद — रात्रपाळी

मला एका रकान्याबद्दल आक्षेप नोंदवायचा आहे. तक्त्यात ‘अतिक्रमण’ म्हणून फेरीवाले आणि लावलेल्या गाड्या एकाच मापाने मोजल्या असतील तर कृपया त्या वेगळ्या करा. मी रात्री साडेदहाला कामावरून घरी येते. बसथांब्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर भुर्जीची गाडी आणि फुलवाल्या मावशी असतात तिथपर्यंत मी निश्चिंत चालते. त्यांच्या पुढे दोनशे मीटर पदपथ रुंद, स्वच्छ आणि पूर्ण मोकळा आहे आणि तिथे मी जवळजवळ पळते. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्यांना नेमून दिलेली जागा आणि चालणाऱ्यांची मोकळी वाट दोन्ही एका पदपथावर बसू शकतात. चारचाकी वाहनाला मात्र पदपथावर कोणताच हक्क नाही. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले आहे, त्याचा उल्लेख अर्जात जरूर करावा.

स्त्रियांच्या दृष्टीने रस्ते किती सुरक्षित आहेत हे पाहणाऱ्या सेफ्टीपिन या उपक्रमाच्या पाहणीत दिव्यांबरोबरच आसपास माणसे किती आहेत, त्यात स्त्रिया किती आहेत आणि खिडक्या-दुकानांतून रस्ता दिसतो का, याही बाबी असतात. तुमची पाहणी रविवारी सकाळी झाली असेल तर ती एकदा अंधार पडल्यावर करा, आणि त्या वेळी संघातल्या स्त्रियांना बरोबर घ्या.

प्रतिसाद — उपनगरवासी

सर, ताई आणि सायकलस्वार मित्र, आपणा सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. काल आम्ही पाच जण मापफीत घेऊन पुन्हा गेलो. आमच्या बाजूच्या पदपथाची रुंदी अहवालात दोन मीटर लिहिली होती. विजेच्या पेटीपाशी प्रत्यक्षात ७० सेंटीमीटर उरते. फाटकांपाशी कडेची उंची २१० ते २६० मिलिमीटर भरली. संध्याकाळी सहाला औषधाच्या दुकानासमोर दहा मिनिटे उभे राहून आम्ही फक्त एवढेच मोजले, की कोण पदपथावरून चालतो आणि कोण डांबरावरून : पदपथावर १४, डांबरावर ५३. त्या ५३ जणांत तीन बाबागाड्या आणि एक चाकाची खुर्ची होती.

सरासरीचा रकाना काढून टाकला आहे. अर्जात आता एकच काम मागत आहोत : आमच्या फाटकापासून बँकेपर्यंतची अकरा फाटके सपाट करणे आणि ती एक पेटी हलवणे. पाहणी अंधार पडल्यावर शुक्रवारी आठला ठेवली असून तिच्या वेळी तक्ता संघातल्या दोन मावशींच्या हाती असेल. शाळेच्या बाजूचा नकाशा पालकसभेनंतर इथेच टाकतो. चौकाच्या खुणा कशा वाचायच्या यासाठी तेव्हा पुन्हा आपली मदत लागेल.